वजन स्वतःचं आहे का?

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण एकदा सांगायला लागलो की मी मधी थांबत न्हाई. चहा गार झाला तरी चालेल. माझ्या हातून गाढवपणे लई झाले, पण ते सगळे अंबड तालुक्यातच मिटले. हा एकच असा, की ज्याला न्यायला विमान लागलं.

मी उत्तमराव. साखर कारखान्यात उसाच्या काट्यावर तीस वर्षं काढली. ट्रक येवो, ट्रॅक्टर येवो, बैलगाडी येवो, काट्यावर घ्यायची, भरलेलं वजन लिहायचं, ऊस उतरवून आली की रिकामं वजन लिहायचं. रिटायर झालो, अंबडला घर बांधलं, पण सवय काही गेली न्हाई. पाहुणा दारात आला की मी मनात म्हणतो, अठ्ठ्याहत्तर. चप्पल काढल्यावर साडेसत्त्याहत्तर. बहुतेक बराबर निघतं.

आमची एकुलती एक पोरगी, प्रणिता, माल्टाला नोकरीला आहे. माल्टा कुठं, असं तुम्ही विचारणार. मीही विचारलं होतं. नकाशात इटलीचा बूट दिसतो ना, त्याच्या खाली समुद्रात दोन-तीन ठिपके पडल्यासारखे दिसतात, ते माल्टा. भूमध्य समुद्राच्या मधोमध. पोरगी तिथं कॉम्प्युटरचं काम करते आणि रविवारी पाठीवर हवेची टाकी बांधून समुद्रात बुडी मारते. स्कूबा म्हणतात त्याला. दोन वर्षं झाली, घरी आली नव्हती.

एक दिवस फोनवर म्हणाली, "पप्पा, सप्टेंबरात या. तुम्हाला समुद्र खालून दाखवते."

"खालून?"

"वरून काय, कुणीही बघतं."

आता मला सांगा, असं कुणी म्हणल्यावर माणूस घरी बसंल का? मी तर लहानपणापासून विहिरीत मुटके मारलेला. मी लगेच चौकशा सुरू केल्या. पाणी किती खोल? वाळू कशी आहे?

"वाळू न्हाई पप्पा. नुसता खडक आहे. खडकाला लोखंडी शिडी लावलीय, तिच्यावरून उतरलं की सरळ खोल पाणी."

"म्हणजे विहिरीवानी."

"विहिरीवानीच. फक्त पलीकडची कड आफ्रिकेत आहे."

त्या दिवसापासून मला दुसरं काही सुचंना. माणूस पाण्याखाली श्वास घेतो म्हणजे काय? सोडलेली हवा कुठं जाते? मासे जवळ येतात का लांब पळतात? बायको, मंगल, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. ती वह्या तपासता तपासता म्हणाली, "मला सुट्टी न्हाई. तुम्ही जाऊन या, आणि सगळं विचारून घ्या एकदाचं. मला विचारू नका."

मंग प्रणितानं त्या बुडी मारायला शिकवणाऱ्या केंद्राचा फॉर्म मोबाइलवर पाठवला. खाली लिहिलं, 'भरून टाका, अडलं तर मला विचारा.' मी विचारणाऱ्यातला न्हाई. मासे, हवा, आफ्रिका हे विचारीन. फॉर्म मी माझा मी भरतो.

नाव लिहिलं. वय एकसष्ट. वजन एकोणऐंशी. दम्याचा त्रास, न्हाई. हृदयविकार, न्हाई. आणि मंग खाली पुन्हा वजनाचाच विषय. 'ओन वेट्स', आणि पुढं दोन चौकोन, येस आणि नो.

ओन म्हणजे स्वतःचं. वेट म्हणजे वजन. वजन स्वतःचं आहे का?

तुम्हाला हा प्रश्न येडपट वाटंल, पण मला बिलकुल वाटला न्हाई. काट्यावर मी हेच तर पाहिलेलं. भरलेल्या ट्रकाचं वजन करताना ड्रायव्हर आत, क्लीनर आत, वर दोघं उसावर बसलेले. मी ओरडायचो, 'उतरा खाली, वजन उसाचं करायचं का तुमचं?' तिकडच्या लोकांनाही असाच अनुभव आला असणार. मी म्हणलं, मंडळी हुशार आहेत. आणि येसवर टिक केली. वजन माझंच होतं. शेजाऱ्याचं थोडंच होतं?

दोन दिवसांनी केंद्राचं उत्तर आलं. मोबाइलनं त्याचं मराठी करून दिलं. 'श्री. उत्तमराव, आपल्याकडे आपली स्वतःची वजने आहेत हे वाचून आनंद झाला. कृपया येताना विसरू नका. आपल्याला अंदाजे आठ किलो लागतील.'

मी ते चारदा वाचलं. मंग मोबाइलवर शोधाशोध केली, तेव्हा उलगडा झाला. खाऱ्या पाण्यात माणूस तरंगतो. त्यात अंगात रबराचा पोशाख, तो आणखी तरंगतो. म्हणून बुडी मारणारे कमरेला वजनं बांधतात. मला तर लई नवल वाटलं. आमच्याकडं माणूस बुडू नये म्हणून विहिरीला कठडा बांधतात, आणि तिकडं बुडंना म्हणून वजन बांधतात.

आता तुम्ही म्हणाल, चूक कळली होती, एक फोन करायचा पोरीला. करायला पाहिजे होता. पण ज्या माणसानं तीस वर्षं अख्ख्या तालुक्याचं वजन केलं, त्यानं पोरीला फोन करून सांगायचं, की मला वजन म्हणजे काय ते कळलं न्हाई? माझी जीभ काही रेटंना. मी म्हणलं, आठ किलोच तर आहे. घेऊन जाऊ.

चुलतभावाचं किराणा दुकान आहे. इलेक्ट्रॉनिक काटा आल्यापासून त्याची जुनी लोखंडी मापं पोत्यात पडली होती. मी दोन किलोची चार उचलली. त्याच्याच काट्यावर तपासली. तीन बराबर निघाली, चौथं पन्नास ग्रॅम कमी.

"झिजलं असंल," चुलतभाऊ म्हणाला.

मी ते तसंच पिशवीत टाकलं. शेवटी चुलतभाऊ आहे.

मंग स्टँडजवळ ताडपत्री शिवणाऱ्या जलीलभाईकडं गेलो. चार खिशांचा, मजबूत बकलाचा पट्टा पाहिजे म्हणून सांगितलं. त्यांनी मापं हातात घेऊन पाहिली.

"उत्तमभाऊ, ये लोहा खिशां में डालके चलेंगे कैसे?"

"चालायचं न्हाई, जलीलभाई. बुडायचंय."

त्यांनी मशीन थांबवली, माझ्याकडं पाहिलं, आणि पुन्हा सुरू केली. "तीस साल से सी रहा हूँ," ते म्हणाले, "बुडने का पट्टा पहली बार सिया."

पट्टा झाला. आता खरी पंचाईत पुढं होती. विमानात एका बॅगेला तेवीस किलो. मंगलनं बॅग भरून ठेवली होती, बराबर तेवीस. आणि त्यातलं आठ किलो होतं ज्वारीचं पीठ.

हे पीठ काही साधं समजू नका. प्रणितानं दोन वर्षांत घरून एकच गोष्ट मागितली होती. "आईला सांगा, कपडे नको, फराळ नको. भाकरीचं पीठ द्या. इथं मी नुसता पाव खाऊन राह्यले." मंगलनं शाळू ज्वारी निवडून, गिरणीत दळून, चाळून, दोन पिशव्या डबल बांधल्या होत्या.

मंगल शाळेत गेली तशी मी बॅग उघडली. चटणी काढली, आठ किलो भरंना. कपडे काढले, भरंना. ते सगळं परत भरलं, पिठाच्या दोन पिशव्या काढल्या आणि मापं ठेवली, काटा तेवीसवर येऊन उभा राह्यला. इतकं बराबर बसलं, की मला तो इशाराच वाटला. मी मनाला सांगितलं, एवढ्या मोठ्या जगात ज्वारी कुठं नसती? तिथं घेऊन देऊ. पिशव्या लपवायला जागा सापडंना, म्हणून बंद पडलेल्या कूलरात ठेवल्या आणि वर कपडा टाकला.

जालन्याहून मुंबई, तिथून दुपारचं विमान. बॅग दिली, पास घेतला, निवांत बसलो, तेवढ्यात माझ्या नावाचा पुकारा झाला. आत नेलं. टेबलावर माझी बॅग, मागं एक अधिकारी, आणि पडद्यावर चार काळेकुट्ट सहाकोनी ठोकळे.

"ये आपका बैग है?"

"माझाच."

"इसमें ये क्या है?"

"वजन."

"किसका वजन?"

"माझं स्वतःचं," मी म्हणलं. फॉर्मातही तेच लिहिलं होतं.

त्यानं बॅग उघडली. पट्टा बाहेर काढला, बकल पाहिलं, खिशात मापं घालून पाहिली. मंग मराठीत बोलायला लागला. "काका, हा पट्टा कशासाठी?"

"कमरेला बांधून समुद्रात बुडायला."

"एकटेच चाललात?"

"एकटाच."

"परतीचं तिकीट?"

"ते पोरीकडं आहे. ती बघंल माझं."

पट्टा त्यानं हळूच माझ्यापासून लांब सरकवला आणि आतून एका मॅडमला बोलावून आणलं. मॅडमनं मला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि आपल्या घरचं कुणी बोलावं तशा मायेनं विचारायला लागली.

"काका, रिटायर कधी झालात?"

"तीन वर्षं झाली."

"घरी रिकामं रिकामं वाटतं का?"

"वाटतं कधी कधी," मी खरं तेच सांगितलं.

दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. मी स्कूबा म्हणून सांगितलं, पण एकसष्टीचा माणूस किराणा दुकानाची मापं घेऊन स्कूबाला चाललाय, हे त्यांना पटंना. त्यांनी घरचा नंबर मागितला. मंगल त्या वेळी शाळेत, पाचवीच्या वर्गावर. फोन स्पीकरवर ठेवून अधिकारी बोलला.

"मॅडम, घाबरू नका. तुमचे मिस्टर इथं विमानतळावर आहेत. कमरेला आठ किलो लोखंड बांधून समुद्रात बुडायचं म्हणतायत."

पलीकडं पोरांचा गलका ऐकू येत होता. मंगल म्हणाली, "लोखंड कुठलं? बॅगेत तर ज्वारीचं पीठ आहे."

अधिकाऱ्यानं बॅग चाचपली. "पीठ न्हाई मॅडम."

"मंग पीठ कुठंय?"

आता ते दोघंही माझ्याकडं पाहायला लागले.

"कूलरात," मी म्हणलं.

मंग मंगलचा आवाज आला, एकदम शांत. "साहेब, ते पोरीकडं पाण्यात बुडी मारायला चाललेत, हे खरं आहे. जाऊ द्या त्यांना. जिवाला काही करून घेणाऱ्यातले ते न्हाईत. बाकीचं मी बघते."

मला सोडलं. मॅडमनं जाताना 'काळजी घ्या काका' म्हणलं. विमानात सगळे खाली ढग बघत होते. मी मंगलचं 'बाकीचं मी बघते' आठवत बसलो.

माल्टाच्या विमानतळावर प्रणितानं मला मिठी मारली, बॅग उचलली, आणि फक्त एवढंच म्हणाली, "जड आहे." म्हणजे आईचा फोन तिला आधीच गेल्ता. रागावली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी समुद्रावर गेलो. पिवळट खडक, त्यात कोरलेली छोटी खोली, तेच ते केंद्र. तिथला मास्तर जोसेफ, उन्हानं रापलेला, मोठ्या मिशांचा माणूस. आणि त्याच्या मागं भिंतभर फळ्या, त्यावर शिशाची वजनं रचलेली. एक किलो, दोन किलो, पाहिजे तेवढी घ्या. शेकड्यानं होती. पोरीनं मला तिथंच उभं करून 'ओन वेट्स'चा अर्थ सांगितला. मी खाली पाहत ऐकून घेतला.

जोसेफ मात्र हसला न्हाई. त्यानं माझी मापं एकेक हातात घेतली, त्यावरचे शिक्के बोटानं चाचपले, मंग कुतूहलानं आपल्या काट्याला टांगली. चौथ्याला थांबला आणि म्हणाला, हे थोडं कमी आहे.

"चुलतभाऊ," मी म्हणलं. पोरीनं त्याचं भाषांतर केलं न्हाई.

मंग रबराचा पोशाख. तो घालायला मला अर्धा तास लागला आणि दोन माणसं. पाठीवर हवेची टाकी, तोंडात तिची नळी, असा शिडीवरून पाण्यात उतरलो. जोसेफनं कमरेला चार किलो शिसं बांधलं आणि म्हणाला, आधी एवढ्यावर पाहू, मंग वाढवू. मी चार किलोतच खाली गेलो. माझी हाडं जड निघाली. म्हणजे आणायचंच म्हणलं तरी त्या आठांतलं निम्मं लोखंड उगाच होतं. पाण्याखाली गेल्यावर माझ्या मनात पहिला विचार हाच आला, की चार किलो पीठ तरी येऊ शकलं असतं.

आणि मंग सगळे विचार बंद झाले. विहिरीच्या सवयीनं मी श्वास रोखून धरला होता. जोसेफ पुढं येऊन हातानं दाखवत होता, श्वास घे, सोड, थांबू नको. घेतला. सोडला. कानात फक्त तोच आवाज. खडक बारवेच्या पायऱ्यांवानी टप्प्याटप्प्यानं खाली गेलेला, निळ्यात निळा होत कुठं संपतो ते दिसंना. मासे पळत न्हाईत हो. येऊन माझ्या डोळ्यांवरच्या काचेत बघत होते, मी जसा काट्याच्या खिडकीतून बघायचो तसे. एका कपारीतला दगड हलला, तर तो दगड नव्हता, आठ पायांचा प्राणी होता. प्रणितानं माझा हात धरलेला. मी खालीही जात नव्हतो आणि वरही येत नव्हतो, मधीच होतो. जन्मभर दुसऱ्यांची वजनं केली, पण तिथं माझं मला वजन सांगता आलं नसतं.

वर आलो, शिडी धरली. प्रणिता म्हणाली, "खालून बरं दिसतं ना, पप्पा?" मी मान हलवली.

रात्रीच्या जेवणाला तिनं पाव कापला. कापता कापता सहज विचारलं, "आईनं पीठ चाळून दिलं होतं का?" तेवढंच. मी हातातला पाव परत ताटात ठेवला.

दुसऱ्या दिवशी ती ऑफिसला गेली आणि मी बाहेर पडलो. ज्वारी आणल्याशिवाय घरी यायचं न्हाई, असं ठरवून. मोबाइलवर ज्वारीचा फोटो शोधून दुकानादुकानात दाखवला. दोघांनी मान हलवली. तिसऱ्यानं एका गल्लीकडं बोट दाखवलं. तिथं दारातच पोती मांडलेली. मका, वाटाणा, आणि तिसऱ्या पोत्यात हात घातला तर, आहाहा, ज्वारी. दाणा तोंडात टाकून चावला. ज्वारीच.

दुकानदार म्हातारा, डोक्याला टोपी. त्यानं विचारलं, "हाऊ मेनी ब्रेड?"

भाकरी म्हणजे ब्रेडच की. मी हिशोब केला, चार माझ्या, दोन पोरीच्या. "सिक्स," मी म्हणलं. "डेली."

"डेली?" त्यानं विचारलं. "बिग?"

"व्हेरी बिग," मी दोन्ही हातांनी भाकरीचा घेर दाखवला. मंग त्याला चवही कळावी म्हणून सांगितलं, "विथ चिल्ली. विथ ऑनियन. व्हेरी गुड."

तो माझ्याकडं बघतच राह्यला. मंग पाच किलोची पिशवी भरून दिली. मला वाटलं, आपल्या जेवणाचं कौतुक वाटून राह्यलं.

पोरीच्या मिक्सरमधी दळली, चाळली, भाकरी थापली. कडा फाटल्या, आकार धड न्हाई. पण प्रणिता दारातून आत आली, वास आला, आणि पर्स खांद्यावर तशीच ठेवून ओट्याशी उभी राह्यली. दोन भाकरी खाल्ल्या, शेंगदाण्याच्या चटणीबरोबर. डोळे पुसत म्हणाली, "चटणी तिखट आहे." मंगलला व्हिडिओ लावला. तिनं भाकरी पाहिली, कुठं मिळाली विचारलं. मी म्हणलं, बाजारात. ती म्हणाली, "असू द्या." तिच्याकडून 'असू द्या' म्हणजे निम्मी माफी.

तीन दिवस आम्ही भाकरी खाल्ली. चौथ्या दिवशी संध्याकाळी दोघं फिरायला निघालो आणि त्याच गल्लीतून गेलो. म्हातारा दारात उभा होता. मला पाहून दोन पावलं मागं सरकला, आणि प्रणिताला बाजूला बोलावून हळू आवाजात काहीतरी विचारायला लागला. ती आधी गोंधळली. मंग तिनं वर दुकानाची पाटी वाचली. मंग माझ्याकडं पाहिलं.

"पप्पा, ज्वारी इथून आणली?"

"हो. चांगली आहे ना?"

"हे कबुतरांच्या दाण्याचं दुकान आहे. इथं लोक शर्यतीची कबुतरं पाळतात. तुम्हाला त्यांनी 'बर्ड' किती आहेत म्हणून विचारलं होतं."

मी पिशवीवरचं चित्र आठवायला लागलो. होतं खरं, एक कबुतर होतं.

"आणि आता ते विचारून राह्यलेत," प्रणिता हसू दाबत म्हणाली, "तुम्ही खरंच रोज सहा मोठी कबुतरं मिरची-कांद्याबरोबर खाता का?"

म्हातारा माझ्याकडं टक लावून बघत होता. आपल्यावर एवढा मोठा आळ आलेला पाहून मी गडबडलो, आणि जे तोंडात आलं ते बोलून गेलो.

"त्यांना सांग, सहाच्या सहा मी न्हाई खात. त्यातल्या दोन तू खातीस."